विजेचा ब्रश दात किती स्वच्छ करतो? एका चिकट थराचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

१/
दर वर्षी १७ सप्टेंबरला बीड जिल्ह्यातील शिरूर कासारच्या तहसील कार्यालयापुढे तिरंगा फडकतो. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. या तारखेच्या नावावर इतिहासात आणखी एक घटना नोंदलेली आहे. तिचा संबंध राज्यसत्तेशी नाही, तो प्रत्येकाच्या तोंडाशी आहे. १७ सप्टेंबर १६८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले.

२/
त्या व्यापाऱ्याचे नाव अँटनी व्हान लेव्हेनहूक. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून तो पाण्याच्या थेंबापासून माशीच्या डोळ्यापर्यंत सर्व काही न्याहाळत असे. या पत्रात त्याने स्वतःच्या दातांविषयी लिहिले. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी, पाण्याने चूळ भरी, कोरणीने फटी साफ करी आणि फडक्याने दात पुसून काढी. तरीही दाढांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा, दाट पदार्थ साचलेला त्याला दिसे. तो पदार्थ पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना आढळले. मानवी तोंडातील जिवाणूंचे हे पहिले लिखित वर्णन होय.

३/
या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे. लेव्हेनहूकने कडक व्हिनेगर तोंडात घेऊन दातांवरून नीट खळखळवले आणि नंतर दातांवरचा थर पुन्हा तपासला. जीव जिवंतच होते. मग तोच थर पाण्यात विरघळवून त्यात थोडे व्हिनेगर मिसळले, तेव्हा मात्र ते तत्काळ मेले. त्याने निष्कर्ष काढला की, व्हिनेगर थराच्या केवळ बाहेरील जीवांना मारते, आत शिरत नाही. थोडक्यात, नुसत्या चूळ भरण्याने हा थर हटत नाही. तो घासून मोडावाच लागतो. दात स्वच्छ करण्याच्या प्रत्येक साधनाची परीक्षा याच एका कसोटीवर करावी लागते.

४/
आज या थराला ‘प्लाक’ म्हणतात. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्याला जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचे कवच उभारतात. लेव्हेनहूकच्या व्हिनेगरला अडविणारे कवच ते हेच. प्लाक मऊ असतो, तोवर ब्रशने निघतो. बराच काळ तसाच राहिला, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात मुरून त्याचे टणक कीटण होते. कीटण कोणत्याही ब्रशने, हातच्या किंवा विजेच्या, निघत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडेच जावे लागते.

५/
भारतात या थराशी लढण्याचे साधन फार जुने आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांत, चुल्लवग्गात, दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा असून त्याची लांबी आठ अंगुळांहून अधिक व चार अंगुळांहून कमी नसावी, असा दंडक आहे. सुश्रुतसंहितेने कडू काड्यांत निंब आणि तुरट काड्यांत खैर श्रेष्ठ ठरविला. वाग्भटाने बारा अंगुळे लांब व करंगळीच्या टोकाएवढी जाड काडी सांगितली आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असेही बजावले. सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या ई-त्सिंग या चिनी भिक्षूनेही दंतकाष्ठाच्या या रीतीचे बारकाईने वर्णन केले आहे.

६/
मराठीतील ‘दातवण’ हा शब्द याच परंपरेतला. शिरूर कासारच्या परिसरात, सिंदफणेच्या काठी आणि बालाघाटाच्या डोंगररांगेत, कडुनिंब व बाभूळ सहज सापडतात. काडीचे टोक चावले की तंतू सुटे होऊन त्यांचा कुंचला तयार होतो. लेव्हेनहूकच्या कसोटीवर दातवण उतरते, कारण ते थर घासून मोडते. त्याची अडचण आकाराची आहे. सरळ काडीचा कुंचला पुढच्या दातांवर उत्तम चालतो, पण दाढांच्या आतल्या बाजूस तो वळविणे कठीण जाते आणि दातांमधील फटींत तो क्वचितच पोहोचतो.

७/
घराघरांत दातवणाच्या जोडीला राखुंडी, मीठ, कोळशाची पूड आणि नंतर दंतमंजन आले. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत ‘विको’ची स्थापना केली आणि वज्रदंती हे आयुर्वेदिक दंतमंजन घरोघर पोहोचले. मंजन बोटाने लावण्याची रीत मात्र कायम राहिली. बोटाचे पेर दाताच्या सपाट भागावरून फिरते. हिरडीलगतच्या खाचेत व दोन दातांमधील फटीत ते शिरत नाही, आणि प्लाक सर्वाधिक साचतो तो नेमका तेथेच.

८/
याच सकाळच्या विधीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक घातक पदार्थ शिरला, तो म्हणजे मिसरी. काही भागांत तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात आणि ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासतात. सुरुवात दात घासण्याच्या निमित्ताने होते, परंतु निकोटीन हिरडीच्या त्वचेतून रक्तात उतरते. मग सकाळची एक वेळ दिवसाच्या चार-पाच वेळांवर जाते. ही सवय विशेषतः कष्टकरी स्त्रियांत रुजली. विडी ओढणाऱ्या बाईला गावाने नावे ठेवली. मिसरी लावणाऱ्या बाईला मात्र कोणी हटकले नाही, कारण ती ‘दात घासत’ होती.

९/
या सवयीची शास्त्रीय नोंद महाराष्ट्रातच झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग व त्याच्या आधीच्या खुणा यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्यात तपासला होता आणि त्या सवयींत मिसरीचाही समावेश होता. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली. कारखान्यातील डबीवर हा नियम चालला. चुलीवरच्या तव्यापर्यंत तो पोहोचणे कठीण होते.

१०/
इकडे ब्रशचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. डुकराच्या राठ केसांचे ब्रश चीनमध्ये पूर्वीपासून होते. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस यांनी १७८० च्या सुमारास ब्रशचे व्यापारी उत्पादन सुरू केले. प्राण्यांचे केस लवकर वाळत नसत आणि मुळाशी गळत असत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश बाजारात आला. नायलॉनमुळे ब्रश स्वस्त झाला, लवकर वाळू लागला आणि त्याचे तंतू हवे तेवढे मऊ किंवा कडक करता येऊ लागले. आज किराणा दुकानात टांगलेला साधा ब्रश त्याचाच वंशज आहे.

११/
विजेचा ब्रश या कथेत १९५४ साली प्रवेश करतो. स्वित्झर्लंडमधील फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ नावाचा ब्रश तयार केला. तो प्रथमतः ज्यांना हाताच्या हालचालींवर नीट ताबा ठेवता येत नाही अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसविलेल्यांसाठी होता. म्हणजे विजेच्या ब्रशचा जन्म दुर्बळ हाताला साहाय्य म्हणून झाला. तो चैनीची वस्तू ठरला, ते पुढे.

१२/
१९६० साली ब्रॉक्सोडेंट अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्याची वायर थेट भिंतीतील विजेला जोडावी लागे आणि न्हाणीघराच्या ओल्या जागेत हे गैरसोयीचे होते. १९६१ साली जनरल इलेक्ट्रिकने पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीचा, वायरविरहित ब्रश आणला. पुढे दोन घराणी प्रबळ झाली. एकात लहान गोल डोके उजवीकडे-डावीकडे अर्धवट फिरत राहते. दुसऱ्यात, १९९२ च्या ‘सोनिकेअर’पासून, डोके मिनिटाला सुमारे ३१,००० वेळा थरथरते. जाहिरातींत मोठमोठे आकडे झळकू लागले. पण कंपन मोजणे आणि दातावरून हटलेला प्लाक मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३/
त्याआधी एक मूलभूत प्रश्न सुटणे आवश्यक होते. प्लाकमुळे खरोखर हिरड्या सुजतात का? १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण थांबविले. त्यांत नऊ दंतविद्यार्थी, एक शिक्षक व दोन प्रयोगशाळा-तंत्रज्ञ होते. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू करताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. थर आणि रोग यांचा कार्यकारणसंबंध प्रत्यक्ष सिद्ध झाला. बारा माणसांच्या या प्रयोगावर आधुनिक दंतस्वच्छतेचा पाया उभा आहे.

१४/
आता मोजण्याचा प्रश्न. प्लाक दाताच्याच रंगाचा असल्याने सहज दिसत नाही. म्हणून संशोधक दातांना रंगद्रव्य लावतात. थर रंगतो, स्वच्छ दात रंगत नाही. मग प्रत्येक दाताला ० ते ५ गुण देतात. ० म्हणजे थर नाही. ५ म्हणजे दाताचा दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग थराने व्यापलेला. क्विगली व हाइन यांनी १९६२ साली मांडलेल्या आणि टुरेस्की यांनी १९७० साली सुधारलेल्या या मापनपद्धतीवर शेकडो चाचण्या आधारलेल्या आहेत. विजेच्या ब्रशविषयीचे बहुतेक आकडे या गुणांचे आहेत, थराच्या वजनाचे नव्हेत.

१५/
या चाचण्यांचा सर्वांत मोठा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केला. १९६४ ते २०११ या काळातील ५६ चाचण्या आणि ५,०६८ सहभागी त्यात होते. हातच्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने प्लाकचे गुण एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्क्यांनी कमी आढळले. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ व ११ टक्क्यांनी कमी होती. दुष्परिणाम नोंदले गेले, ते स्थानिक आणि तात्पुरते होते. विजेचा ब्रश अधिक चांगला, हे या आढाव्याने मान्य केले.

१६/
परंतु इतिहासाचा विद्यार्थी साधन तपासतो, तसे हे आकडेही तपासले पाहिजेत. २१ टक्के म्हणजे तोंडातील एकूण प्लाकपैकी २१ टक्के नव्हे. समजा हातच्या ब्रशने सरासरी गुण २.०० येत असतील, तर विजेच्या ब्रशने ते १.५८ येतील, एवढाच त्याचा अर्थ. ५६ पैकी केवळ ५ चाचण्यांत पक्षपाताचा धोका कमी होता, ५ मध्ये तो जास्त होता आणि उरलेल्या ४६ मध्ये तो स्पष्ट झाला नाही. किंमत व टिकाऊपणा यांच्या नोंदी सर्वत्र सारख्या नव्हत्या. या फरकाचे प्रत्यक्ष आरोग्यातील महत्त्व अस्पष्ट आहे, असे आढाव्याच्या लेखकांनी स्वतःच नमूद केले.

१७/
आणखी दोन आढावे शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ होते. हातच्या ब्रशने एकदा दात घासल्यावर प्लाकचे गुण सरासरी ४२ टक्क्यांनी घटतात, असे २०१२ च्या आढाव्यात दिसले. विजेच्या ब्रशसाठी हा आकडा २०१६ च्या आढाव्यात ४६ टक्के आला. दोन्ही साधनांनंतर निम्म्याहून अधिक मोजमाप शिल्लकच राहते. हातच्या ब्रशविषयीच्या आकड्यांत आणखी एक नोंद आहे. एक मिनिट घासल्यास घट २७ टक्के, दोन मिनिटे घासल्यास ४१ टक्के. हातच्या ब्रशला दिलेले एक जादा मिनिट चौदा टक्क्यांचा फरक घडविते. यंत्राने मिळणारा फरक चार टक्क्यांचा आहे.

१८/
मग यंत्र जिंकते कशामुळे? त्याचे उत्तर बव्हंशी माणसाच्या सवयीत आहे. हाताने घासणारा माणूस वेळेचा अंदाज चुकतो, एकाच जागी जोर लावतो आणि दाढांची आतली बाजू विसरतो. विजेच्या ब्रशची हालचाल प्रत्येक जागी सारखीच राहते. अनेक ब्रश दोन मिनिटे मोजतात आणि जोर वाढला की इशारा देतात. लहान डोके मागच्या दाढेपर्यंत जाते. तथापि दोन दातांमधील फटीत यंत्राचे तंतूही पुरेसे शिरत नाहीत, तेथे धागा किंवा फटींचा बारीक ब्रशच लागतो. पेस्टचे काम वेगळे आहे. तिच्यातील फ्लोराइड किडीपासून रक्षण करते, थर हलविण्याचे काम तंतूंचेच.

१९/
हे सारे शिरूर कासारच्या संदर्भात वाचले की त्याचा अर्थ बदलतो. १९९९ साली स्वतंत्र झालेला हा तालुका ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात येतो. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघते. अनेक ठिकाणी कोपीत ना वीज, ना पुरेसे पाणी. बाई पहाटेच्या अंधारात उठते, भाकरी थापते आणि फडात जाते. तिच्या सकाळीतून दोन मिनिटे काढणे हेच मुळात कठीण. मिसरीचे बोट मात्र भाकरी भाजतानाही चालते आणि भूकही मारते. चार टक्के आणि एकवीस टक्के यांवरील वाद तिच्या कोपीपर्यंत पोहोचतच नाही.

२०/
म्हणून ‘विजेचा ब्रश चांगला की साधा?’ या प्रश्नाआधी आणखी दोन प्रश्न येतात. दातांना रोज काय लागते, आणि किती वेळ लागते? काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंतचे यंत्र जे फळ देते, त्याचा मोठा भाग किराणा दुकानातला मऊ तंतूंचा ब्रश हिरडीलगत किंचित तिरका धरून, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा फिरविल्याने पदरात पडतो. मिसरी सुटणे हा त्याहून कितीतरी मोठा लाभ आहे, कारण तेथे प्रश्न थराचा न राहता कर्करोगाचा होतो. मिसरीच्या व्यसनावर कोणत्याही ब्रशची मात्रा चालत नाही. तेथे समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागते.

२१/
विजेच्या ब्रशचे खरे स्थानही इतिहासच दाखवितो. वूग यांनी तो दुर्बळ हातासाठी घडविला होता. संधिवाताने बोटे वाकलेली आजी, अर्धांगवायूनंतर एकच हात चालणारे आजोबा, कंपवाताचा रुग्ण, यांच्यासाठी चार टक्क्यांचा हिशोब गैरलागू आहे. त्यांच्यासाठी तुलना साध्या ब्रशशी नाही, दात न घासण्याशी आहे. ऑर्हुसच्या बारा जणांनी दाखवून दिले की खरी दरी तेथे आहे. तीन आठवडे थर तसाच राहिला की निरोगी तरुणांच्याही हिरड्या सुजतात. घरात एकच विजेचा ब्रश घेणे परवडत असेल, तर तो तरुणाच्या हाती देण्याऐवजी आजीच्या हाती द्यावा.

२२/
लेव्हेनहूकजवळ वीज नव्हती, नायलॉन नव्हते. मीठ, कोरणी आणि फडके एवढ्यावर त्याचे काम चाले. तरीही आपले दात स्वच्छ आहेत, यावर विश्वास न ठेवता त्याने फटीतला थर काढून पाहिला आणि व्हिनेगरवर विसंबून चालत नाही, हे ओळखले. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनासाठी लवकर उठणाऱ्या मराठवाड्यातील तरुणांनी घड्याळ लावून दोन मिनिटे दात घासून पाहावेत. आजवर आपण किती लवकर थांबत होतो, हे त्या दोन मिनिटांत कळते.

(समाप्त)